स्विचची गैरहजेरी

१८ ऑक्टोबर २०१८, दसरा

मुली सणाला आणि भातकापणीला घरी गेल्या आहेत. वसतिगृह इतकं रिकामं की माझ्याच चपला माझ्यामागून येताहेत असं वाटतं. सकाळी शिपाई हिरूला बरोबर घेऊन यंत्रांची पूजा केली. शिवणयंत्रं, पाण्याचा पंप, स्वयंपाकघरातला मिक्सर, आणि यंदा पहिल्यांदाच संगणकाच्या खोलीतलं ते लोखंडी कपाट. त्यात रुचिकाचा स्विच राहतो. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, हे मला आता कळतं. चपटी पेटी असते, पुढे दोन रांगांत भोकं, प्रत्येकात एकेक वायर. सगळ्या इमारतीतले संगणक तिथे येऊन मिळतात.

वायरींवर वर्षाची धूळ. हिरूकडून सगळ्या काढवल्या आणि पेटी कोरड्या फडक्याने पुसली. शेवटच्या भोकावर आधीच एक लाल ठिपका होता. हिरूने माझ्याआधी कुंकू लावलं म्हणून मी त्याला शाबासकी दिली.

“मी नाय लावलं, बाय.”

किती विनय! मग वाटलं, एकीच्या कपाळी कुंकू आणि बाकीच्या कोऱ्या, हे बरं दिसत नाही. प्रत्येक भोकावर एकेक ठिपका दिला. सुवासिनींची पंगत बसल्यासारखी पेटी दिसायला लागली.

“आता कंची वायर कुठं घालू, बाय?”

“जागा दिसेल तिथे घाल. आपल्याकडे थोरलं-धाकटं कुणी नाही.”

वरून झेंडूची माळ सोडली, उजव्या कोपऱ्यावर जरा जास्तच. माझ्या शाळेतल्या सिस्टर फिलोमिना पाहत असत्या तर म्हणाल्या असत्या, “जयश्री, देवालासुद्धा श्वास घ्यायला जागा ठेव.”

२२ ऑक्टोबर

रुचिका उधव्याहून परतली. आईने माझ्यासाठी नव्या तांदळाची पिशवी पाठवली आहे. ही मुलगी पाचवीत इथे आली तेव्हा रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहून रडायची. आता डिप्लोमा करून आमच्याच संगणक केंद्राची सगळी यंत्रणा सांभाळते आणि रडते फक्त यंत्रणेसाठी.

आज रडायलाच आली होती. आमच्या संस्थेला ऑनलाइन परीक्षांचं केंद्र मिळायचं आहे. तलासरीच्या मुलींना परीक्षेसाठी पहाटे निघून ठाण्यापर्यंत जावं लागतं. रुचिकाची स्वतःची भरतीची परीक्षा चारोटीजवळ ट्रकांच्या रांगेत बस अडकून हुकली होती. केंद्र मिळालं तर तिची नोकरी पक्की. नाही मिळालं तर सचिव रविंद्रभाईंनी स्पष्ट सांगून ठेवलंय, “जयश्रीबेन, पछी एनुं काम शुं?” म्हणजे, मग तिचं कामच काय! मग ती नोकरीसाठी वापीला जाईल. मग मी संध्याकाळी चहा कुणाबरोबर घ्यायचा, हा प्रश्न मी रविंद्रभाईंना विचारला नाही.

पुण्याची परीक्षा घेणारी कंपनी पुढच्या सोमवारपासून शनिवारपर्यंत दुरून आमच्या स्विचवर नजर ठेवणार. आणि स्विच दसऱ्यापासून मधूनच नाहीसा होतो! गंमत म्हणजे मुलींचे संगणक झकास चालतात. फक्त स्विचला हाक मारली की कधी ओ येते, कधी येत नाही. काम करतो, पण हजेरी लागत नाही.

“मॅनेजमेंट व्हीलॅनवर पॅकेट हरवतायत, बाई,” रुचिका म्हणाली. माझा चेहरा बघून तिने पुन्हा सुरुवात केली. “तुमच्या डहाणूच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांचा वेगळा जिना होता ना?”

होता. मागचा लाकडी जिना, मेणाने घासलेला. आम्ही मुलींनी पुढच्या जिन्याने जायचं. मागच्यावर पाय ठेवला तर रविवारी भांडी घासायची. घर एकच, पण जिने दोन, आणि एका जिन्यावरच्याला दुसऱ्या जिन्यावरचं काही कळायचं नाही.

“तसंच हे. पेटी एकच, पण मुलींची ये-जा वेगळी आणि स्विचची देखरेख करणाऱ्यांची वेगळी. या मागच्या जिन्यावर निरोप हरवतायत.”

हरवलेल्या वस्तूंसाठी सेंट अँथनी. लगेच एक मेणबत्ती लावायचं ठरवलं. आमच्या घरी नवस महालक्ष्मीचाच चालतो. पण आई म्हणायची, एकाच देवाला सगळी कामं सांगू नयेत.

२३ ऑक्टोबर

सकाळी मेणबत्ती लावली. दिवसभर एकही निरोप हरवला नाही! रुचिकाला म्हटलं, बघ. ती म्हणाली, “बाई, कारण कळल्याशिवाय मी खूश नाही होणार.” शास्त्र शिकलेल्यांचं हे असं.

जेवायला चिंचणीच्या ताज्या बोंबलांचं कालवण. आमच्या स्वयंपाकीणबाई कमळीने वाटणासाठी सकाळपासून मिक्सर लावला होता. तिच्या ओट्यावर भिंतीत एकच सॉकेट आहे. मिक्सर लावायचा तर शेजारच्या, हजेरीच्या अंगठ्याच्या यंत्राचा प्लग काढावा लागतो, आणि एकदा काढला की संध्याकाळी घरी जायच्या वेळेपर्यंत परत कोण घालतो! मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, “यंत्राला काय भूक लागते का, बाय?”

२४ ऑक्टोबर

मेणबत्ती लावूनसुद्धा दिवसभर निरोप हरवले. सेंट अँथनींकडे आज दुसरीकडची कामं असतील. रुचिकाने मुख्य वायर बदलली, पेटीपुढे टेबलफॅन लावला, उंदरांच्या लेंड्या शोधल्या. उंदरांचंही काम नाही. जेवण साधंच, वरण-भात आणि भोपळा.

दुपारी कचेरीतून वेगळीच कटकट. कमळी आणि हिरू स्वयंपाकघराच्या दारातल्या त्या यंत्रावर रोज अंगठा ठेवतात. कचेरीच्या संगणकात मात्र दोघंही दसऱ्यापासून गैरहजर! कमळी पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

“बाय, मी गैरहजर तं ही भाजी कोणी केली? भुतानं?”

“अंगठा नीट ठेवतेस ना?”

“ठेवतंय की. ती आतली बाई ‘थँक्यू’ बोलते. रोज बोलते. तोंडावर थँक्यू नि पाठीमागं चुगली! असली बाई मी नाय पाहिली.”

मला त्या यंत्रातल्या बाईचे उच्चार फार आवडतात. हुबेहूब आमच्या सिस्टर. पण अशा वेळी हे बोलू नये एवढं मला कळतं.

२६ ऑक्टोबर

आज रविंद्रभाई स्वतः आले. “बेन, तुम्ही लोक फार विचार करता. आमच्या घरी टीव्ही रुसला की बंद करून चालू करतो, पत्यूं, काम झालं.” त्यांनी पेटी बंद केली, चालू केली, आणि खरंच दिवसभर सगळं सुरळीत! जाताना म्हणाले, “अनुभव, बीजूं काय नहीं.” रुचिकाने ओठ दातांत धरले.

न्याहारीला इडली होती. कमळीने खोबऱ्याची चटणी वाटली. रविंद्रभाईंनी तीनदा घेतली आणि मग हात पुसत तिलाच विचारलं, “तू तर गैरहजर छे ने?” कमळीने भांडं उचललं आणि आत निघून गेली.

२९ ऑक्टोबर

पुण्याची पाहणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी नाक कापलं गेलं. पुण्याचे गृहस्थ फोनवर अतिशय सभ्यपणे म्हणाले, “मॅडम, तुमचा स्विच आमच्या दृष्टीने बराच वेळ अस्तित्वातच नव्हता.” मी म्हटलं, “अहो, मी त्याच्या शेजारीच बसले होते.” त्याचा उपयोग झाला नाही.

रुचिका कपाटापुढे गुडघ्यांवर बसून एकेक वायर तपासत होती. कोपऱ्यापर्यंत आल्यावर विचारलं, “ही माळ काढू का, बाई?”

“पूजेची आहे ग. दिवाळीपर्यंत राहू दे.”

तिने नमस्कार केला आणि माळेला हात लावला नाही. पाचवीपासूनचं वळण आहे ते. मला भरून आलं.

स्वयंपाकघरात वेगळाच प्रकार. कमळीने जाहीर केलंय, गैरहजर बाई वाटण वाटत नसते. भात, वरण, उकडलेल्या भाज्या. मिक्सरवर फडकं टाकून ठेवलंय. मुलींनी चटणी मागितली तर म्हणते, “कचेरीत जाऊन माग. तिथं हजर माणसं बसतात.”

३० ऑक्टोबर

आजही तेच. दोन मेणबत्त्या लावल्या, आणि मनात महालक्ष्मीलाही सांगितलं. एकच काम दोन देवांना; आईचा नियम जरा ताणला.

रुचिकाने मला पडद्यासमोर बसवलं. संगणक स्विचला एकसारखी हाक मारत राहतो, ओ आली की एक ओळ उमटते. ओ आली नाही की मी ओरडायचं. विणकाम घेऊन बसले. काम थेट हजेरीचं. सिस्टर फिलोमिना नाव घ्यायच्या आणि आम्ही “प्रेझेंट, सिस्टर!” म्हणायचो. माझी आवडती वेळ होती ती. आपण आहोत हे रोज कुणीतरी लिहून घेतं, केवढी गोष्ट!

ओळीच्या शेवटी एक आकडा येतो. बराच वेळ २५५ येतो, मग मध्येच एक हाक रिकामी जाते, आणि नंतर बराच वेळ ६४. विणकामातल्या उलट-सुलट टाक्यांसारखं छान दिसतं. रुचिकाला सांगितलं नाही. तिने फक्त ओ आली की नाही तेवढंच बघायला सांगितलं होतं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. केंद्र मिळावं असं मला मुलींसाठी वाटतं, की रुचिकाने जाऊ नये म्हणून वाटतं? वापीत तिला पगार जास्त मिळेल. माझ्या वयाच्या बाईने असं कुणाला धरून ठेवू नये. तरी पुन्हा एकदा मेणबत्ती लावून आले.

१ नोव्हेंबर

काय दिवस! क्रमाने लिहिते.

सकाळी पुण्याचा फोन. उद्या आणि परवा, हे दोन दिवस एकही हाक रिकामी गेली नाही तर केंद्र. गेली तर पुढल्या वर्षी बघू. रविंद्रभाईंनी वापीच्या कुठल्या कंपनीला बोलावण्याची भाषा केली. रुचिका माझ्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, “बाई, मी सगळं तपासलं. मला येतच नाही बहुतेक.”

सांत्वन मला फारसं जमत नाही, म्हणून मी शाळेतली गोष्ट सांगितली. आमच्या वर्गातली रूपी होड्या बघायला समुद्रावर पळायची, आणि तिच्या नावाला चिमी ओ द्यायची. बरेच दिवस खपलं. कधी रूपी स्वतः असायची, कधी तिच्या नावाने चिमी. कधी दोघी एकमेकींच्या भरवशावर गप्प बसायच्या आणि ओ यायचीच नाही. एकदा सिस्टरांनी हजेरीनंतर रूपीला पाढा विचारला. ओ देणारी चिमी गप्प! ओ द्यायचं ठरलं होतं, पाढ्याचं ठरलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, “मला कधीचंच ठाऊक होतं. नाव एक आहे, आवाज दोन.”

“मग?” रुचिकाने नाक पुसत विचारलं.

“मग दोघींना भांडी. मला परवा तुझ्या पडद्यापुढे बसून तेच आठवत होतं. तिथेही दोन आवाज आहेत ना, एक २५५चा आणि एक ६४चा.”

रुचिका उठून उभी राहिली. “काय म्हणालात?”

मी पुन्हा सांगितलं.

“बाई! हे मला परवा का नाही सांगितलंत?”

“तू फक्त ओ बघायला सांगितलं होतंस.”

ती धावली. मीही माझ्या गुडघ्यांनी जितकं धावता येतं तितकी धावले. तिने काहीतरी टाइप केलं आणि टाळी वाजवली. स्विचच्या पत्त्यावर दोन वेगवेगळी यंत्रं ओ देत होती! पुण्याने नुसती हाक मारली तर कुणीही ओ देई; पुढचे प्रश्न विचारले की ते दुसरं यंत्र चिमीसारखं गप्प.

“पण मागच्या जिन्यावर दुसरं कोण असणार? तिथे फक्त शेवटचं भोक आहे आणि ते मी रिकामं ठेवलंय. मुद्दाम लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, कुणी काही घालू नये म्हणून.”

तिने माळ उचलली. शेवटच्या भोकात वायर होती.

“ती जागा मी एकदाही बघितली नाही,” ती हळू म्हणाली. “कारण ती रिकामी आहे हे मला माहीतच होतं.”

मग तिची नजर सगळ्या भोकांवरून फिरली. वरची रांग, खालची रांग.

“बाई, हे कुंकू...?”

“मी लावलं. एकीलाच होतं, ते बरं दिसेना.”

ती मटकन जमिनीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आठवडाभराचा ताण, मुलींना होतं असं. मी तिला पाणी दिलं.

वायर छताजवळून निघून, जिन्याखालून, थेट स्वयंपाकघराच्या दारातल्या अंगठ्याच्या यंत्रात! यंत्र आलं तेव्हापासून त्याचा पत्ता आणि स्विचचा पत्ता एकच होता. इतके दिवस दोघं वेगवेगळ्या जिन्यांवर, म्हणून कधी भेटले नाहीत. दसऱ्यापासून यंत्र चुकीच्या जिन्यावर चढलं होतं. तिथून त्याचा निरोप कचेरीपर्यंत पोचतच नव्हता, म्हणून कमळी नि हिरू गैरहजर. आणि मिक्सर लावला की यंत्र बंद, की स्विच एकटाच, की सगळं सुरळीत.

“म्हणजे माझ्या चटणीनं चालत होता तुमचा सुच?” कमळीने विचारलं.

“हो, मावशी.”

“नि मी चटणी बंद केली म्हणून पुण्याला बोंब?”

“हो.”

कमळीने कमरेवर हात ठेवला. “तं मंग रविंद्रभाईंना सांगा, या गैरहजर बाईनं अख्खं पुणं हलवलं.”

रुचिकाने वायर तिच्या मूळ जागी घातली, यंत्राला वेगळा पत्ता दिला. कचेरीच्या संगणकात दोघांच्या राहिलेल्या सगळ्या हजेऱ्या एकदम येऊन पडल्या.

मला मात्र हिरूचं वाईट वाटलं. वायरी परत घालण्याचं काम त्याचं होतं. त्याला बोलावून समजावलं, की यंत्राच्या कामात विचारून करावं, मी तिथेच तर उभी होते. त्याने रुचिकाकडे पाहिलं. रुचिकाने छताकडे पाहिलं. कमळी पदर तोंडावर घेऊन चुलीकडे वळली, बहुधा नाकात धूर गेला असावा.

“चुकलं, बाय,” हिरू म्हणाला.

मी लगेच माफ केलं. संध्याकाळी त्याला माझ्या वाटणीचा शिरा दिला.

३ नोव्हेंबर

दोन दिवस एकही हाक रिकामी गेली नाही. काल कमळीने मिक्सर लावला तेव्हा आम्ही सगळे पडद्यासमोर श्वास रोखून बसलो होतो. २५५, २५५, २५५, एक टाका सुटला नाही. तिने सगळा राग एकदम काढावा तशी सुकटीची, खोबऱ्याची आणि लसणाची चटणी एकाच दिवशी केली.

आज दुपारी पुण्याहून कळवलं: केंद्र मंजूर. रविंद्रभाईंनी पेढे आणले आणि रुचिकाला कायम करत असल्याचं सगळ्यांपुढे सांगितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “पण बेन, खरी सुरुवात मी बंद-चालू केलं तेव्हाच थई गयेली.” मी म्हटलं, नक्कीच. मला मेणबत्त्यांचं ठाऊक आहे, पण त्यांचा उत्साह कशाला मोडा.

रुचिकाला म्हटलं, वापीत पगार जास्त होता. ती म्हणाली, “तिथे हजेरीला थँक्यू कोण म्हणणार?” आणि माझा चहा स्वतः ओतून दिला.

संध्याकाळी मुली दिवाळीसाठी घरी निघायच्या आधी जेवणघरात मी गंमत म्हणून सगळ्यांची तोंडी हजेरी घेतली. शेवटी “कमळी” म्हटलं. मुलींनी तिला आधीच पढवून ठेवलं असावं. हातातला डाव उंच करून, चुलीपाशी उभी राहून ती ओरडली, “प्रेझेंट, सिस्टर!” इतक्या वर्षांनी तो आवाज पुन्हा कानांवर पडला. मी तिची हजेरी कागदावर लिहूनच घेतली.

एक लिहायचं राहिलं. निघताना रुचिका म्हणाली, “बाई, पुढच्या दसऱ्याला कपाटाची पूजा बाहेरूनच करा हं. दार मी बंद ठेवेन, किल्ली माझ्याकडेच असेल.” किती काळजी घेते माझी! धुळीचा मला त्रास होतो, हे तिच्या लक्षात आहे.

पण बाहेरून केलेली ती कसली पूजा? ज्याने एवढी कामगिरी केली त्याच्या दारावर ठिपका लावून परतायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. दुसरी किल्ली हिरूकडे असते. पुढच्या वर्षी कुंकवाबरोबर हळदही लावीन, प्रत्येकाला.